धावणाऱ्याचे हृदय: एका जुन्या वादाचा इतिहास

१/ माझे वडील येत्या जानेवारीत मुंबईत अर्धमॅरेथॉन धावणार आहेत. वय ५४. माझे आजोबा ५१व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले, त्यामुळे घरात दोन तट पडले आहेत. आई म्हणते, या वयात एवढी दगदग हृदयाला झेपायची नाही. बाबा म्हणतात, धावलो तरच हृदय टिकेल. मी इतिहासाची विद्यार्थिनी; वैद्यकीय निवाडा करणे माझे काम नव्हे. मात्र हा वाद आमच्या स्वयंपाकघरात सुरू झालेला नाही. त्याला फार जुना आणि उद्बोधक इतिहास आहे. हा धागा त्याविषयी.

२/ आरंभ एका दंतकथेने करू. इ.स.पू. ४९० मध्ये मॅरेथॉनच्या रणांगणावरून विजयाची वार्ता घेऊन फिडिपिडीस अथेन्सला धावत गेला आणि वार्ता सांगताच गतप्राण झाला, अशी ती कथा. युद्धानंतर काही दशकांनी लिहिणाऱ्या हेरोडोटसला मात्र ती ठाऊक नाही. त्याने सांगितलेली धाव वेगळीच आहे: लढाईपूर्वी मदत मागण्यासाठी अथेन्स ते स्पार्टा, सुमारे २४० किलोमीटर. ती धाव संपवून धावक जिवंत राहिला.

३/ मरणाचा प्रसंग येतो तो पाचशेहून अधिक वर्षांनी, प्लुटार्कच्या लेखनात; तेथे धावकाचे नावही निराळे आहे. पुढे दुसऱ्या शतकातील लुशियनने ते मरण फिलिपिडीसच्या नावे जोडले. १८७९ मध्ये रॉबर्ट ब्राउनिंगच्या कवितेने दोन्ही धावा एकत्र गुंफल्या आणि १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकसाठी मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषापंडिताने त्या कथेवरून शर्यत सुचवली. म्हणजे मॅरेथॉनच्या जन्मकथेतच धावकाचा मृत्यू आहे, आणि तो मूळ साधनांत नाही.

४/ अतिव्यायामाची भीती मात्र खरोखरच प्राचीन आहे. हिप्पोक्रेटिसच्या नावावरील सूत्रांत, शरीर कमाल तयारीला पोहोचलेल्या मल्लांची स्थिती धोक्याची असते, असा इशारा आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेने मर्यादाच आखून दिली: व्यायाम बलाच्या अर्ध्याइतका करावा. हे अर्धे ओळखायचे कसे? हृदयस्थानी असलेला वायू मुखावाटे येऊ लागला, म्हणजे धाप लागू लागली, की बलार्ध झाले असे समजावे. त्यापुढे गेल्यास तहान, क्षय, रक्तपित्त इत्यादी विकार संभवतात, असे संहिता सांगते.

५/ आजचे प्रशिक्षकही नवशिक्याला सांगतात की बोलता येईल इतक्याच वेगाने धावा. हे साम्य लक्षवेधी आहे. पण त्यावरून ‘आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते’ असा निष्कर्ष काढू नये. सुश्रुताचा वायू म्हणजे आजच्या शरीरशास्त्रातला प्राणवायू नव्हे. दोघांनी एकच गोष्ट पाहिली, ती म्हणजे धाप. तिची कारणमीमांसा मात्र भिन्न आहे.

६/ आता एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये जाऊ. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्यातील नौकाशर्यत १८२९ मध्ये प्रथम झाली आणि पुढे राष्ट्रीय सोहळा बनली. १८६७ मध्ये एफ. सी. स्की या नामांकित शल्यचिकित्सकाने ‘द टाइम्स’ला पत्र लिहून या शर्यतीवर टीका केली. कोवळ्या वयातील असे कष्ट पुढे हृदयरोगाच्या रूपाने वसूल होतात, असा त्याच्या बाजूचा मुद्दा होता. तीन वर्षांनी विल्की कॉलिन्सच्या ‘मॅन अँड वाइफ’ या कादंबरीतला बलदंड खेळाडू शर्यतीत कोसळला. भीती आता साहित्यात शिरली होती.

७/ या भीतीला उत्तर देण्याची पद्धत मला फार मोलाची वाटते. जॉन एडवर्ड मॉर्गन हा डॉक्टर, विद्यार्थिदशेत स्वतः ऑक्सफर्डला वल्ही मारलेला. त्याने मताला मताने उत्तर दिले नाही. १८२९ ते १८६९ या काळात शर्यतीत उतरलेल्या २९४ वल्हेकऱ्यांची यादी केली, हयात असलेल्यांना पत्रे धाडली, दिवंगतांची माहिती आप्तांकडून घेतली आणि १८७३ मध्ये ‘युनिव्हर्सिटी ओर्स’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. निष्कर्ष असा, की वल्हेकऱ्यांचे आयुर्मान सर्वसाधारण कोष्टकांतील अपेक्षेहून सुमारे दोन वर्षांनी अधिक होते.

८/ अकाली मरणाची कहाणी प्रत्येकाच्या तोंडी होती. पण किती जण गेले आणि किती जण धडधाकट आहेत, हे मोजण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. ज्याचे निधन झाले त्याची कथा सांगितली जाते. जो पन्नाशीत आरामात चिरूट ओढत बसला आहे, त्याची बातमी होत नाही. मॉर्गनने त्या दुसऱ्या माणसालाही पत्र लिहिले.

९/ तरीही या पुराव्यात एक छिद्र आहे. विद्यापीठाच्या नौकेत निवड कोणाची होई? मुळातच निरोगी, सुखवस्तू घरातल्या, चांगले खाणेपिणे मिळालेल्या तरुणांची. त्यांची तुलना सर्वसामान्य लोकसंख्येशी केली, तर ते अधिक जगले यात नवल काय? वल्हवल्यामुळे आयुष्य वाढले की आयुष्याची दोरी बळकट असलेलेच वल्हवत होते? हा प्रश्न ध्यानात ठेवा. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

१०/ आणखी एक गोष्ट. ज्या काळात मूठभर विद्यार्थ्यांच्या हृदयांवर वर्तमानपत्रे रकाने भरत होती, त्याच काळात हजारो माणसे पोटासाठी त्याहून कठोर श्रम करत होती. १८७० च्या सुमारास लीड्समधील डॉक्टर क्लिफर्ड ऑलबट याने अंगमेहनत करणाऱ्या कामगारांच्या हृदयावरील ताणाविषयी लिहिले. त्याच वर्षी आर्थर मायर्स या लष्करी डॉक्टरने सैनिकांच्या हृदयविकारांसाठी छाती आवळून धरणारा गणवेश आणि पाठीवरचे ओझे यांना जबाबदार धरले.

११/ अमेरिकेत १८७१ मध्ये जेकब दा कोस्टा याने यादवी युद्धातील सैनिकांच्या धडधडणाऱ्या, अस्वस्थ हृदयाचे वर्णन केले. त्या विकाराला पुढे ‘सैनिकाचे हृदय’ असे नाव पडले. या निरीक्षणांतील सारे काही श्रमामुळे नव्हते. हृदयाच्या झडपा निकामी करणारे सांधेज्वर आणि सिफिलिस हे रोग तेव्हा सर्रास होते, त्यांची कारणे पुरती उलगडली नव्हती आणि मानसिक आघाताला तर नावही नव्हते. मात्र श्रीमंतांच्या खेळाइतकी चर्चा गरिबांच्या श्रमाची झाली नाही, हे नोंदवलेच पाहिजे.

१२/ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रश्नाचे रूप पालटले. १८९९ मध्ये स्वीडनच्या सालोमन हेन्शेन याने बर्फावरून दूरवर घसरत जाणाऱ्या स्की-स्पर्धकांची छाती बोटांनी ठोकून हृदयाचा आकार अजमावला. पखवाजाच्या बोलावरून तो भरीव की पोकळ हे जाणकाराला जसे कळते, तशीच ही विद्या. त्याला आढळले की या खेळाडूंची हृदये मोठी आहेत. त्याच वर्षी हार्वर्डमध्ये युजीन डार्लिंगने वल्हेकऱ्यांत हेच पाहिले.

१३/ येथे पेच पडला. रुग्णालयात मोठे हृदय म्हणजे थकलेले, निकामी होत चाललेले हृदय. मग खेळाडूचे मोठे हृदय हा रोग की सामर्थ्य? हेन्शेनचा कौल स्पष्ट होता: अधिक काम करू शकणारे मोठे हृदय ही चांगलीच गोष्ट. अनेक डॉक्टरांना हे पटले नाही. ‘खेळाडूचे हृदय’ हा शब्दप्रयोग पुढे कित्येक दशके धोक्याची सूचना म्हणूनच वापरला गेला.

१४/ मॅरेथॉन शर्यती सुरू झाल्यावर भीतीला नवी उदाहरणे मिळाली. १९०८ मध्ये लंडनला इटलीचा दोरांदो पिएत्री अखेरच्या टप्प्यात पुनःपुन्हा कोसळला. १९१२ मध्ये स्टॉकहोमला पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो शर्यतीत कोसळला आणि मरण पावला. त्याने उन्हापासून बचावासाठी अंगाला चरबी फासली होती. त्यामुळे घाम अडला आणि शरीर तापले. त्याचा घात केला तो उष्म्याने. लोकांच्या मनात मात्र ‘धावला आणि मेला’ एवढेच उरले.

१५/ आता या कथेचा नायक: क्लॅरेन्स डीमार. बोस्टन परिसरातला छापखान्यात काम करणारा माणूस. १९११ च्या बोस्टन मॅरेथॉनपूर्वी डॉक्टरांना त्याच्या हृदयात कुरकुर ऐकू आली आणि त्यांनी धावणे सोडण्याचा सल्ला दिला. तो धावला आणि जिंकला. नंतरची काही वर्षे तो स्पर्धांपासून बराच दूर राहिला. वैद्यकीय इशारे हे त्याचे एक कारण होते. मग परतला आणि १९२२, १९२३, १९२४, १९२७, १९२८ व १९३० अशा आणखी सहा वेळा जिंकला. शेवटच्या विजयाच्या वेळी तो ४१ वर्षांचा होता.

१६/ डीमार वयाच्या ६५व्या वर्षीही बोस्टनची शर्यत धावला आणि १९५८ मध्ये ७०व्या वर्षी कर्करोगाने वारला. शवविच्छेदनाचा अहवाल जेम्स करेन्स आणि पॉल डडली व्हाइट यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केला. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांचा व्यास नेहमीच्या दुप्पट ते तिप्पट होता. धमन्यांत मेदाचे थर होते, पण वाट इतकी रुंद की रक्ताला अडथळा नव्हता. ज्या हृदयावर १९११ मध्ये धोक्याचा शिक्का बसला होता, ते अखेरपर्यंत मालकाशी इमानाने वागले.

१७/ यातला व्हाइट महत्त्वाचा. तो दीर्घकाळ धावपटूंच्या नाडीचा अभ्यास करत होता. सरावलेले हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलते, म्हणून विश्रांतीत त्याला कमी ठोके पुरतात. संथ नाडी हा त्याचाच परिणाम. १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला तेव्हा व्हाइट त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत होता. हृदयरुग्णाला आठवडेच्या आठवडे अंथरुणात पडू देण्याच्या त्या काळात तो चालण्याचा आणि सायकलचा पुरस्कार करत होता.

१८/ १९५३ मध्ये लंडनमध्ये जेरी मॉरिस याने बसकर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बेस्टची दुमजली बस आठवा: चालक दिवसभर बसून, वाहक दिवसभर जिना चढत-उतरत. वाहकांमध्ये हृदयविकार लक्षणीयरीत्या कमी आढळला. पण १९५६ मध्ये मॉरिस आणि सहकाऱ्यांनी गणवेशांच्या मापांची नोंदवही उघडली, तेव्हा चालकांची कंबर अधिक रुंद असल्याचे दिसले, तरुण वयातही. म्हणजे मॉर्गनच्या नौकेतले छिद्र येथेही होते. फरक एवढाच, की या वेळी संशोधकांनी ते स्वतःच शोधून जगापुढे मांडले.

१९/ हृदयाच्या काळजीचा वापर कुंपण म्हणूनही झाला. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रिया प्रथमच ८०० मीटर धावल्या. नऊही जणी अंतिम रेषेपार पोहोचल्या. लीना राड्केने विश्वविक्रम केला. वृत्तपत्रांनी मात्र कोसळलेल्या स्त्रियांची अतिरंजित वर्णने छापली आणि ही शर्यत १९६० पर्यंत ऑलिंपिकमधून हद्दपार झाली. स्त्रियांच्या ऑलिंपिक मॅरेथॉनसाठी १९८४ पर्यंत थांबावे लागले. पिएत्री कोसळला तेव्हा पुरुषांची शर्यत कोणी बंद केली नव्हती.

२०/ सत्तरच्या दशकात लंबक दुसऱ्या टोकाला गेला. टॉम बॅसलर या अमेरिकी डॉक्टरने असे प्रतिपादन केले, की मॅरेथॉन धावणाऱ्याला धमन्या अरुंद होण्याच्या रोगापासून जणू अभयच मिळते. जिम फिक्सच्या १९७७ च्या ‘द कंप्लीट बुक ऑफ रनिंग’ने लाखोंना धावायला लावले. दक्षिण आफ्रिकेतील टिम नोक्स आणि सहकाऱ्यांनी मात्र १९७९ मध्ये मॅरेथॉनपटूंच्या शवविच्छेदनांतून दाखवून दिले की हे अभय खरे नाही.

२१/ २० जुलै १९८४ रोजी फिक्स रोजच्या धावेवर असताना मरण पावला. वय ५२. धमन्या मोठ्या प्रमाणात अरुंद झालेल्या निघाल्या. त्याच्या वडिलांना ३५व्या वर्षी पहिला झटका आला होता आणि ४३व्या वर्षी ते गेले होते. फिक्स स्वतः पूर्वी स्थूल होता आणि भरपूर सिगारेटी ओढत असे. मृत्यूच्या काही महिने आधी त्याला पट्ट्यावर चालून-धावून करावयाची हृदयचाचणी सुचवण्यात आली होती. त्याने ती नाकारली. दोनच आठवड्यांनी, ५ ऑगस्टला, जोन बेनॉइट स्त्रियांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकली.

२२/ फिक्सच्या मृत्यूने विरोधकांना शस्त्र मिळाले. पण त्याच्या कहाणीतून ‘धावण्याने मारले’ हे सिद्ध होत नाही आणि ‘धावण्याने नऊ वर्षे अधिक दिली’ हेही नाही. वडील ४३व्या वर्षी गेले, मुलगा ५२व्या, एवढीच वस्तुस्थिती. एका आयुष्याचा प्रयोग दोनदा करता येत नाही. कळते ते इतकेच: आत वाढत असलेला रोग धावल्यामुळे आपोआप नाहीसा होत नाही, आणि उत्तम दम म्हणजे उत्तम धमन्या नव्हेत.

२३/ दरम्यान साधने बदलत गेली. १९७५ मध्ये जोएल मॉर्गनरॉथ आणि सहकाऱ्यांनी ध्वनिलहरींच्या तपासणीने दाखवले की दीर्घ पल्ल्याच्या खेळाडूंत हृदयाचे कप्पे प्रशस्त होतात, तर कुस्तीसारख्या जोराच्या खेळांत भिंती जाड होतात. हा काटेकोर भेद पुढे बराच शिथिल झाला. तरी मोठे हृदय म्हणजे आजारी हृदय हे समीकरण मोडले. हेन्शेनने बोटांनी ठोकून जे म्हटले होते, त्याला पाऊणशे वर्षांनी यंत्राने पुष्टी दिली.

२४/ मग भीती निराधार होती का? अगदी तसेही नाही. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन व अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख स्पर्धकांपैकी ५९ जणांचे हृदय शर्यतीत वा लगेच नंतर बंद पडले, ४२ दगावले. प्रमाण अत्यल्प, लाखामागे एकाहूनही कमी. पण कारणे पाहा: हृदयाचा स्नायू जन्मजात जाड असण्याचा विकार किंवा अरुंद झालेल्या धमन्या. म्हणजे बहुधा आधीच दडलेले दुखणे. श्रम हे निमित्त ठरले.

२५/ शेवटी पुन्हा स्वीडन. तेथे राजा गुस्ताव वासाच्या इतिहासप्रसिद्ध पलायनाच्या स्मरणार्थ १९२२ पासून ९० किलोमीटरची ‘वासालोपेट’ ही स्की-शर्यत होते. तिच्या स्पर्धकांचा मृत्युदर सर्वसामान्यांच्या निम्म्यासारखा आढळला. मात्र २०१३ च्या अभ्यासात, बावन्न हजारांहून अधिक स्पर्धकांपैकी जे सर्वाधिक वेळा उतरले आणि जे सर्वांत वेगवान होते, त्यांच्यात हृदयाची लय बिघडण्याचे प्रमाण इतर स्पर्धकांहून सुमारे ३० टक्के जास्त होते. दोन्ही गोष्टी एकाच शर्यतीतल्या, आणि दोन्ही खऱ्या.

२६/ माझ्या मते या वादाचा सगळा गुंता येथे आहे. ‘व्यायाम हृदयाला चांगला की वाईट?’ या एका प्रश्नाच्या पोटात निदान तीन प्रश्न दडले आहेत. नियमित श्रमाने माणूस अधिक जगतो का? वर्षानुवर्षे टोकाचे श्रम केल्याने हृदयात काही बिघाड संभवतो का? आणि या विशिष्ट माणसाच्या हृदयात आज काय दडले आहे? पहिल्याचे उत्तर मॉर्गन, मॉरिसपासून साठत आलेले आहे आणि ते दिलासा देणारे आहे. दुसऱ्याचे अजून लिहिले जात आहे. तिसऱ्याचे उत्तर कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही.

२७/ आमच्या घरात आई तिसरा प्रश्न विचारत होती आणि बाबा पहिल्याचे उत्तर देत होते. म्हणून भांडण मिटत नव्हते. गेल्या रविवारी मी बाबांना फिक्सची हकीकत सांगितली. विशेषतः त्याच्या वडिलांचे वय, आणि त्याने नाकारलेली चाचणी. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अण्णा गेले तेव्हा मी बारावीत होतो.” अण्णा म्हणजे माझे आजोबा. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकले.

२८/ येत्या गुरुवारी त्यांची हृदयतपासणी आहे. आई बरोबर जाणार आहे. निकाल काय येतो त्यावर जानेवारीचे ठरेल. तोवर पहाटेचे धावणे थांबवून ते रोज चालतात.

वाचकांपैकी कोणाला मॉर्गनचे मूळ पुस्तक चाळायला मिळाले, तर वल्हेकऱ्यांनी त्याला धाडलेली उत्तरे अवश्य वाचावीत. धाग्यात काही चूक आढळल्यास निःसंकोच दाखवून द्यावी.